कयाकमधून बदकांची शिकार: नाव कुठली, पाणी कुठलं आणि बार कुठून काढायचा

मिनेसोटाकर

सप्टेंबर जवळ आला की इकडच्या मराठी मंडळींकडून एक प्रश्न हमखास येतो: उन्हाळ्यात तळ्यावर फिरवतो तीच कयाक (वल्ह्यानं चालवायची छोटी होडी) बदकांच्या शिकारीला चालेल का? चालते. बऱ्याच ठिकाणी मोटारबोटीपेक्षा चांगली चालते. पण उत्तर एवढ्यावरच सोडणं धोक्याचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधीच स्पष्ट करतो, हे सगळं अमेरिकेतलं आहे, त्यातही मिनेसोटा-विस्कॉन्सिनच्या उथळ तळ्यांबद्दल आणि दलदलींबद्दल. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानबदकांची शिकार हा गुन्हा आहे आणि तो तसाच राहावा असं माझं मत आहे.

कयाकच का? मॅलर्ड, टील, गडवाल ही शेपटी वर करून उथळ पाण्यात चरणारी बदकं. त्यांना गुडघाभर पाणी, वाइल्ड राइसचे (पाण्यात उगवणाऱ्या रानटी धान्याचे) पट्टे आणि पाणकणसांची बेटं लागतात. तिथं मोटारीचा पंखा गवतात अडकतो, आणि चालत जावं तर पाय मांडीपर्यंत चिखलात रुततो. कयाकला वीतभर पाणी पुरतं. बोटी उतरवायच्या धक्क्यावरची गर्दीही टळते, कारण रस्त्याकडेच्या एखाद्या मोरीपाशीसुद्धा नाव पाण्यात सोडता येते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पडलेलं पाखरू गवतात नाहीसं व्हायच्या आत गाठता येतं. ज्याच्याकडे कुत्रा नाही त्याच्यासाठी हे फार मोलाचं. पाडलेला किंवा जखमी पक्षी मिळवण्याचा प्रामाणिक प्रयत्न करणं इथं कायद्यानं बंधनकारक आहे. ज्याला ते जमणार नाही त्यानं बारच काढू नये.

नाव कशी हवी? दहा ते बारा फूट लांब आणि निदान 32 इंच रुंद. 36 असेल तर उत्तम. वेगानं जाणारी अरुंद, निमुळती कयाक या कामाची नाही. वरच्या सपाट भागावर बसायची, म्हणजे सिट-ऑन-टॉप प्रकारची घ्यावी. तिच्यावर आलेलं पाणी भोकांतून आपोआप निघून जातं आणि उलटली तर परत चढता येतं. आत पाय घालून बसायच्या कयाकमध्ये वारा कमी लागतो हे खरं. पण जाड वेडर्स (पाणी आत न येणारी, बुटांसकटची उंच विजार) घालून तिच्या तोंडातून पटकन बाहेर पडणं अवघड, आणि एकदा भरली की ती खोल पाण्यात उपसणं त्याहून अवघड. वजनाचा हिशोब घरीच करा. तुम्ही, भिजलेले कपडे, बंदूक, काडतुसं, डझनभर डिकॉय (बदकांना भुलवायला पाण्यावर सोडायची खोटी बदकं) आणि त्यांची शिशाची वजनं, पाण्याची बाटली, डबा. नावेवर जी क्षमता लिहिलेली असते तिच्या 70 टक्क्यांच्या आत राहा.

आता बार कुठून काढायचा. माझं ठाम मत आहे की कयाक हे तिथं पोचायचं आणि पाखरू उचलायचं वाहन आहे. नाव पाणकणसांत खुपसा, उतरा, पाय टेकवून उभे राहा किंवा छोट्या स्टुलावर बसा आणि मग बंदूक भरा. मिनेसोटात तसंही उघड्या पाण्यावरून शिकार करायला, काही अपवाद सोडले तर, परवानगी नाही. माणूस किंवा नाव निदान अर्धवट झाकेल एवढा नैसर्गिक झाडोरा भोवती लागतो.

डिकॉय मांडणं मात्र कयाकमधून जितकं छान होतं तितकं दुसऱ्या कशातूनही होत नाही. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी बार काढायची वेळ सुरू होते, म्हणजे मांडणी मिट्ट काळोखात. कपाळावर लाल दिवा. वारा पाठीवर घ्यायचा, कारण बदकं वाऱ्याला तोंड देऊन उतरतात, म्हणजे तुमच्या समोरून येतात. दोन पायांच्या मध्ये डिकॉयची पिशवी. एक काढायचा, दोर सुटा करायचा, वजन हळूच पाण्यात सोडायचं. फेकायचं नाही, कारण आवाज दूरवर जातो. वल्ह्याचा एक हलका ओढा, नाव हातभर सरकते, मग पुढचा. असा इंग्रजी जे अक्षराचा आकार करायचा आणि पोटात मोकळी जागा ठेवायची, तिथं ती उतरतात. नोव्हेंबरात दोरावरचं पाणी हातमोज्यावर गोठतं आणि बोटं गाठ ओळखेनाशी होतात. म्हणून घरूनच प्रत्येक दोराला सरकणारं वजन आणि टोकाला फास करून आणा, अंधारात गाठी मारायची वेळच येऊ देऊ नका.

आणि थंडी. या धाग्याचं खरं कारण हेच. इथं कयाकवरच्या शिकाऱ्याला बंदुकीपेक्षा पाण्याचा धोका जास्त आहे. ऑक्टोबरच्या शेवटी तळ्याचं पाणी पाच-सात अंशांवर येतं. मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीसब्रेख्त यांनी सांगितलेलं सूत्र पाठ करून ठेवा: 1-10-1. गार पाण्यात पडल्यावर पहिलं 1 मिनिट श्वास ताब्यात आणायचं, त्या वेळी धाप लागून पाणी नाकातोंडात जातं. पुढची साधारण 10 मिनिटं हातपाय उपयोगाचे असतात. शुद्ध हरपायला सुमारे 1 तास लागतो. म्हणजे माणूस गारठून मरण्याआधीच बुडतो, कारण बोटं पकड सोडतात. लाइफ जॅकेट नावेत ठेवून उपयोग नाही, अंगात हवं. वेडर्समध्ये पाणी शिरलं की ते माणसाला तळाशी ओढतं हा समज चुकीचा आहे, पाण्यात पाण्याला वजन नसतं. पण तेच पाणी घेऊन नावेवर किंवा काठावर चढताना ते शिशासारखं जड होतं. म्हणून कमरेचा पट्टा घट्ट आवळलेला हवा.

11 नोव्हेंबर 1940 चा दिवस इथल्या जुन्या शिकारी घरांतून अजून आठवतात. सकाळ उबदार होती, माणसं साध्या जॅकेटवर मिसिसिपी नदीतल्या बेटांवर गेली. वादळाच्या पुढे पळणारी बदकं थव्याथव्यानं येत होती, म्हणून कुणी परत फिरेना. दुपारपर्यंत पाऊस, गारा, बर्फ आणि छोट्या होड्या उलटवणारा वारा. मिनेसोटात 49 माणसं गेली, त्यांतली जवळजवळ निम्मी बदकांच्या शिकारीला गेलेली. दुसऱ्या दिवशी विनोनाच्या मॅक्स कॉनराड यांनी आपल्या लहान विमानातून बेटांवर अडकलेली माणसं शोधली आणि वरून खाण्याचे डबे टाकले. बदकं सगळ्यात जोरात उडत असतात तेव्हाच हवा बिघडत असते. हा मोह ओळखा.

---

पाणथळप्रेमी_नाशिक

लेख मनापासून लिहिलाय हे दिसतं, पण वाचताना त्रास झाला. आम्ही हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरला पहाटे जाऊन बसतो. थापट्या, तलवार, चक्रवाक ही बदकं उतरताना पाहिली की आठवडाभर बरं वाटतं. हे पक्षी हिमालय ओलांडून येतात. त्यांच्यावर नेम धरावासा का वाटावा, हे मला खरंच समजून घ्यायचंय.

आपल्याकडेही हे होऊन गेलंय. भरतपूरच्या ज्या केवलादेवचं आज आपण कौतुक करतो, तिथं 12 नोव्हेंबर 1938 ला व्हाइसरॉय लिनलिथगोच्या शिकारीत एका दिवसात 4,273 पाखरं पाडली होती. पुढे सलीम अलींसारख्यांनी आयुष्य घातलं तेव्हा ते पाणी पक्ष्यांचं झालं.

---

मिनेसोटाकर

प्रश्न रास्त आहे आणि टाळणार नाही.

भरतपूरला जे झालं ती कत्तल होती. असंच अमेरिकेतही झालं होतं. चेसापीकच्या खाडीत बाजारासाठी तोफेसारख्या बंदुकांनी एका बारात डझनावारी बदकं मारत. ते बंद करायला 1918 चा स्थलांतरी पक्ष्यांचा कायदा आला. आज माझ्या भागात दिवसाला सगळी मिळून 6 बदकं, त्यांत मॅलर्ड 4 आणि त्यांतही माद्या फक्त 2. बंदुकीत तीनच काडतुसं राहतील अशी खुंटी नळीखाली घातलेली असते. शिशाचे छर्रे 1991 पासून देशभर बंद आहेत, कारण बदकं ते वाळूचे खडे समजून गिळत आणि विषबाधेनं मरत.

बदकं मारणाऱ्या सोळा वर्षांवरच्या प्रत्येक शिकाऱ्याला दरवर्षी 25 डॉलरचं डक स्टॅम्प, म्हणजे पाणपक्ष्याचं चित्र असलेलं केंद्र सरकारचं तिकीट, घ्यावं लागतं. हे 1934 पासून चालू आहे, पहिलं चित्र जे. एन. 'डिंग' डार्लिंग यांनी काढलं होतं. त्यातल्या प्रत्येक डॉलरमधले 98 सेंट पाणथळ जागा विकत घेण्यात आणि भाडेपट्ट्यानं राखण्यात जातात. 2019 मध्ये उत्तर अमेरिकेच्या पक्ष्यांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. 1970 पासून एकूण पक्षी जवळजवळ 3 अब्जांनी घटले, पण बदकं-हंसांचा वर्ग 56 टक्क्यांनी वाढला. गवताळ रानातल्या पक्ष्यांच्या मागे असा पैसा उभा राहिला नाही, आणि ते निम्म्याहून अधिक गेले.

मारावंसं का वाटतं, याचं उत्तर मात्र आकड्यांत नाही. मी मांस खातो. जे खातो त्यातलं थोडं तरी स्वतः, डोळे उघडे ठेवून, जंगली आयुष्य जगलेल्या प्राण्याकडून घ्यावं असं मला वाटतं. तुम्हाला ते पटलं नाही तरी मी समजू शकतो.

---

पाणथळप्रेमी_नाशिक

पटलं असं म्हणणार नाही, पण उत्तर सरळ दिलंत. फरक व्यवस्थेचा आहे. तुमच्याकडे तपासणारा अधिकारी दलदलीत येतो, पिशवी उघडून मोजतो. इथं जाळी लावून, दाण्याला विष लावून पाखरं मारली जातात ती कुणी मोजत नाही. म्हणून आपल्याकडे पूर्ण बंदीच हवी.

आणि एक विनंती. हे वाचून कुणी उजनीत किंवा जायकवाडीत 'नुसते फोटो काढायला' कयाक घेऊन थव्यात घुसू नये. वल्ह्याची होडी आवाज करत नाही म्हणून ती फार जवळ जाते, आणि हजारभर पक्षी एकदम उठतात. लांबचा प्रवास करून आलेल्या पाखराची चरायची वेळ अशी वाया घालवू नका. भिगवणला स्थानिक नावाडी आहेत, त्यांना अंतर कळतं.

---

मिनेसोटाकर

दोन्ही मुद्द्यांना शंभर टक्के अनुमोदन.

---

नवा_विस्कॉन्सिन

मी एच-1बी वर आहे. ऑफिसमधला मित्र म्हणतो, "माझी जास्तीची बंदूक घे, माझी दुसरी कयाक घे, चल." चालेल का?

---

मिनेसोटाकर

थांबा! हे इथल्या प्रत्येक एच-1बी, एल-1 आणि एफ-1 वाल्यानं नीट वाचा.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायलाच मनाई आहे. विकत घेतली काय आणि मित्राची दोन तास हातात धरली काय, दोन्ही सारखंच. याला जे थोडे अपवाद आहेत त्यातला आपल्या कामाचा म्हणजे राज्य सरकारनं दिलेला चालू शिकार परवाना. म्हणून क्रम असा: आधी परवाना, मग बंदुकीला हात. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही.

परवान्यासाठी बंदूक-सुरक्षेचा कोर्स लागतो. मिनेसोटात 31 डिसेंबर 1979 नंतर जन्मलेल्या सगळ्यांना तो सक्तीचा आहे, तुमच्या राज्याची तारीख त्यांच्या साइटवर पाहा. कोर्स करायचा नसता तरी करा म्हणालो असतो, फार चांगला शिकवतात. शिवाय डक स्टॅम्प, राज्याचा वेगळा शिक्का आणि स्थलांतरी पक्ष्यांच्या शिकाऱ्यांची एचआयपी (शिकारीची माहिती गोळा करणारी) नोंदणी लागते. व्हिसाचा मामला नाजूक असतो, तेव्हा वकिलाला एकदा विचारून घ्या.

---

मेरीलँडची_माई

मी चेसापीकच्या बाजूला राहते, नवरा आणि मी दोघंही जातो. मिनेसोटाकर, 'कयाकमधून बार नकोच' हे मला मान्य नाही. भरतीच्या खाड्यांमध्ये उतरून उभं राहायला जमीनच नसते, नुसता लोण्यासारखा चिखल. आम्ही बसूनच मारतो. पण नियम कडक आहेत.

नावेच्या दोन्ही टोकांना लांब काठ्या चिखलात खुपसून नाव पक्की बांधायची, हलता कामा नये. नाव गवतात अर्धी घुसलेली हवी, म्हणजे दोन्ही बाजूंनी आधार मिळतो. एका नावेत एकच बंदूक. घड्याळाचा विचार केला तर बार फक्त दहा ते दोनच्या मध्ये. आडवा बार काढला की धक्का कुशीवर येतो आणि अरुंद नाव तिथंच पलटी. उजव्या हाताच्या माणसाला बसल्या जागी डावीकडे वळणं सोपं जातं, म्हणून नाव डिकॉयच्या जरा उजवीकडे तोंड करून लावायची, म्हणजे पाखरू समोर-डावीकडून येतं. उभं राहायचं नाही. कितीही रुंद असली तरी.

आणि इथल्यांनी भरती-ओहोटीचं कोष्टक पाहिल्याशिवाय घर सोडू नये. सकाळी पाणी असतं तिथं दहा वाजता नुसता चिखल उरतो. चालता येत नाही, वल्हवता येत नाही. सहा तास तिथंच.

---

मिनेसोटाकर

माई, तुमच्या अटींवर मी माझं म्हणणं दुरुस्त करतो. नाव दोन टोकांना रोवलेली, गवताचा आधार, बसून, समोर: हे सगळं असेल तर चालेल. तरंगत्या, सुट्या नावेतून नवख्या माणसानं बार काढू नये यावर मात्र मी ठाम आहे. एक भर घालतो. पोलादी छर्रे पाण्यावर आपटून उसळतात, तेव्हा पाण्यालगत बार काढताना पलीकडे दुसऱ्याचं लपण नाही ना, हे आधी पाहा.

वाटेत वल्हवताना बंदूक रिकामी आणि तरंगणाऱ्या पिशवीत बंद. पिशवी नावेला बांधलेली. माणूस मात्र नावेला बांधायचा नाही.

---

तांत्रिक_पुणेकर

पायडलची कयाक आणि वर छोटी विजेची मोटार लावली तर? हात मोकळे राहतील.

---

मिनेसोटाकर

पायडलचे पंखे गवतात अडकतात, पाते वर घेता येत असेल तर जायच्या वाटेपुरतं ठीक. विजेची मोटार बसवली की कायद्याच्या नजरेत ती मोटारबोट झाली. मोटार पूर्ण बंद आणि तिच्यामुळे आलेली गतीही संपलेली असल्याशिवाय बार काढता येत नाही. बहुतेक राज्यांत बोटीची नोंदणीही लागते. वल्ह्याच्या नावेला केंद्राचा हा नियम लागत नाही, पण राज्याचे नियम वेगळे असू शकतात.

तळं बदलताना नाव, डिकॉयचे दोर, वेडर्सचे तळवे धुऊन, पाणी काढून, वाळवून न्या. झेब्रा शिंपले आणि पाणवेली अशाच एका तळ्यातून दुसऱ्यात जातात. मिनेसोटात नाव वाहून नेताना पाणी काढायचं बूच उघडं ठेवणं सक्तीचं आहे.

---

घरची_बाजू

माझा नवरा जातो, मी जात नाही. मग घरी बसणाऱ्यानं काय करायचं तेही लिहा. आमच्याकडे फ्रिजवर कागद असतो: गाडी कुठे लावणार, तळ्याच्या कुठल्या काठाला बसणार, नावेचा रंग, परत यायची वेळ, आणि त्या वेळेनंतर किती वाट पाहून मी 911 ला, म्हणजे आणीबाणीच्या क्रमांकाला, फोन करायचा. ही शेवटची ओळ त्यानं लिहायची, मी नाही. म्हणजे 'उगाच घाबरलीस' हा वाद होत नाही. शिकारीची नाव गवती रंगाची असते, ती शोधणाऱ्यालाही दिसत नाही. म्हणून आतल्या खिशात नारिंगी कापड आणि शिट्टी हवीच. फोन पाणी न जाणाऱ्या पिशवीत घालून अंगावर ठेवायचा, नावेत नाही.

---

मेरीलँडची_माई

ताई, हे प्रत्येक शिकाऱ्याच्या घरात लागायला हवं.

---

खवय्या_शिकागो

कुणी स्वयंपाकाबद्दल बोलतच नाही! रानबदक कोंबडीसारखं शिजवू नका, एवढं ऐका. मांस लाल, चरबी कमी. छाती वेगळी काढा, मीठ-मिरी लावा, कातडीची बाजू गार तव्यावर ठेवून मंद आचेवर चरबी सुटू द्या, मग उलटून दोन-तीन मिनिटं. मधे गुलाबी राहिली पाहिजे. तंगड्यांचं मात्र आपलं सुकं करा, भाजलेला कांदा-खोबऱ्याचं वाटण, दोन तास मंद. खाताना छर्ऱ्याकडे लक्ष ठेवा, दात जाईल. वाइल्ड राइसवर पोसलेलं टील असेल तर मसाला कमीच घाला. मासे खाणारी, बुडी मारणारी बदकं मला आवडत नाहीत.

---

मिनेसोटाकर

पूर्ण अनुमोदन. दोन नियमांची आठवण: घरी पोचेपर्यंत प्रत्येक पाखराचं डोकं किंवा एक पंख पिसांसकट राखावा लागतो, म्हणजे जात ओळखता येते. आणि रानबदकाचं मांस विकता येत नाही, शेजाऱ्यालासुद्धा नाही.

---

नवा_विस्कॉन्सिन

सगळ्यांचे आभार. कोर्सला नाव घातलं. मित्राला सांगितलंय की परवाना हातात येईपर्यंत मी फक्त वल्हवायला येईन. तोवर कयाकचा सराव काय करू?

---

मिनेसोटाकर

पाणी कोमट आहे तोवर, सप्टेंबरच्या सुरुवातीलाच हे करा. मित्राला काठावर उभा करा. वेडर्स, पट्टा, जाड जॅकेट, लाइफ जॅकेट, शिकारीला घालणार ते सगळं अंगात घाला आणि छातीएवढ्या पाण्यात नाव मुद्दाम उलटवा. ती सुलट करा. मग पोटावर आडवे पडून, पाय झटकत, मधल्या भागावरून चढा. चढल्यावर आधी पालथेच राहा, मग फिरा, मग बसा. न दमता सलग जमेपर्यंत करा. त्यानंतर तेच हातमोजे घालून.

नाही जमलं तर हंगामात कमरेपेक्षा खोल पाण्यावरून जायचंच नाही, काठाकाठानं जिथं पाय टेकतात तिथूनच. विस्कॉन्सिनच्या दलदलीत तेवढ्या पाण्यातही भरपूर टील मिळतात. आणि दिवस निवडताना वाऱ्याचा अंदाज पाहा. ताशी 15 मैलांच्या वर असेल तर तुम्ही पहिल्या वर्षी नाव गाडीवरून उतरवू नका.